वाय-फायचा पासवर्ड म्हणजे सोवळं नव्हे



“ज्यांच्या बापानं चवदार तळं खुलं केलं, त्यांचीच लेकरं आता अभ्यासिकेच्या वाय-फायला कुलूप लावू लागली.”

गेल्या महिन्यात आमच्या हट्ट्याच्या ग्रुपवर हे वाक्य पडलं. लिहिणारा कुणी परका नाही. चळवळीतला जुना साथी आहे, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते, आणि सभेत उभं राहून बोलायचं कसं हे त्याच्याकडूनच शिकले. वाक्याखाली निळ्या हृदयांची रांग लागली. एकानं लिहिलं, ‘नवं सोवळं’. दुसऱ्यानं विचारलं, ताईला कुणाचा विटाळ होतो?

कुलूप मी लावलं होतं. ग्रुपवर चार ओळींत उत्तर दिलं की त्याचं भांडण होतं, म्हणून इथं लिहिते. शिवाय हा प्रश्न एकट्या हट्ट्याचा नाही. आता प्रत्येक वस्तीत, प्रत्येक अभ्यासिकेत, निम्म्या घरांच्या भिंतीवर एक पांढरा डबा लुकलुकतो आहे. त्याच्याबद्दल आपण काहीही बोलत नाही, जणू तो पंख्यासारखा एक पंखा आहे.

आधी घडलं काय ते सांगते. आमच्या विहाराला लागून एक खोली आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरंपोरी तिथं बसतात. वर्गणी करून फायबरचं कनेक्शन घेतलं. कागद कुणाच्या नावावर करायचे असा विषय निघाला, तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. शेवटी मी माझं आधार कार्ड काढून दिलं. हे ‘नावावर’ लक्षात ठेवा. माझं अर्धं म्हणणं त्या एका शब्दात आहे.

पासवर्ड ठेवला होता १४०४१८९१. ही तारीख कोणती हे तुम्हाला सांगायला नको, आणि दुखणं नेमकं तेच आहे. ती सांगायची गरज कुणालाच नाही. ज्याला आपल्याबद्दल फक्त एवढं माहीत आहे की ही बौद्ध वस्ती आहे, त्यालाही हा आकडा पहिल्या फटक्यात सुचेल. तो चुकला तर ‘जयभीम१२३’ आहेच. आपली श्रद्धा आपण पासवर्ड म्हणून वापरतो आणि मग दार आतून लावलं असं समजतो.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सात वाजता नेट गोगलगाय झालं. दोन मुलींची कागदपत्रं चढेनात. राउटरच्या पानावर जाऊन बघितलं, तर एकतीस उपकरणं जोडलेली. खोलीत आम्ही चौदा जण. राहिलेली सतरा कुणाची? काही पोरांनी आपल्या मित्रांना दिला असेल, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसणाऱ्यांपैकी कुणाकुणाकडं होता हे नंतर कळलं. त्या रात्री मी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर महाड आलं.

आता महाडाबद्दलच बोलू.

दादा, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ज्या तळ्यावर गेले, ते कुणाच्या घरामागचं आड नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत हा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला होता. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. ठराव कागदावर होता आणि पाणी मात्र मिळत नव्हतं. लढा सार्वजनिक हक्काचा होता. पुढं कोर्टकचेरी झाली, १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत. त्या वादात सनातन्यांचं म्हणणं काय होतं? की हे तळं सार्वजनिक नाहीच, आमचं खासगी आहे. म्हणजे सार्वजनिक काय आणि खासगी काय, हा फरक बाबासाहेबांनी कोर्टात जाऊन ठासून मांडला. आपण त्यांच्याच नावानं तो फरक पुसतो आहोत.

सार्वजनिक इंटरनेट मागायचंच असेल तर मागू या की! भारतनेटची केबल ग्रामपंचायतीपर्यंत न्यायची योजना २०११ पासून चालू आहे. पीएम-वाणीला केंद्रीय मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. त्यात किराणा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय चालवू शकतो, आणि येणारा प्रत्येक माणूस स्वतःच्या ओळखीनं आत येतो. ग्रामसभेत उभं राहून या दोन्हींचा हिशेब आपल्यापैकी किती जणांनी मागितला? तिथं तोंड उघडायचं नाही आणि एका बाईच्या नावावरच्या कनेक्शनला मात्र चवदार तळं म्हणायचं.

पाण्याला नाव नसतं. तळ्यातून कुणी ओंजळ भरली आणि पुढं त्या पाण्याचं काय केलं, याची नोंद कुठं होत नाही. इंटरनेटवरून गेलेल्या प्रत्येक निरोपावर मात्र पत्ता असतो. तो पत्ता अमुक तारखेला अमुक वेळी कुणाला दिला होता, हे कंपनीच्या दप्तरात लिहिलेलं असतं. तिथं नाव सापडतं ते कनेक्शन घेणाऱ्याचं. टपरीवर बसून कुणी काय पाठवलं, हे त्या दप्तराला कळत नाही.

मी भीती घालते आहे असं वाटत असेल तर आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं मेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. दहशतवादविरोधी पथक त्याचा माग काढत थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचलं. तिथं राहत होता केन हेवूड नावाचा अमेरिकन माणूस. त्याचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय असुरक्षित होतं, आणि कुणीतरी जवळपास थांबून ते वापरलं होतं. पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात असेच ई-मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायरलेसवरून गेले. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी रस्त्यानं फिरून उघडी वाय-फाय शोधायची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या.

हेवूडचं काय झालं? चौकशी झाली, संगणक ताब्यात गेले. आणि तपास चालू असतानाच, लुकआउट नोटीस असताना, तो ऑगस्टमध्ये विमानात बसून अमेरिकेला निघून गेला. तो निर्दोष होता, त्यामुळं तो गेला याचं मला दुःख नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. सानपाड्याच्या फ्लॅटऐवजी तो पत्ता हट्ट्याच्या बौद्ध वस्तीतला निघाला असता तर? आपल्यातलं कोण विमानात बसलं असतं?

सुधीर ढवळेंचं नाव या ब्लॉगच्या वाचकांना नवं नाही. ‘विद्रोही’चे संपादक. जानेवारी २०११ मध्ये अटक, मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयातून निर्दोष सुटका. मधले चाळीस महिने तुरुंगात. २०१८ च्या जूनमध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात पुन्हा अटक, आणि जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की कायदा सगळ्यांना सारखा असला तरी कायद्यापर्यंतची वाट सारखी नसते. वर्गात ते पटलं होतं, पण पोटातून कळलं ते या तारखांमुळं. आपल्याकडं निर्दोष असणं पुरत नाही. आपलं निर्दोषपण सिद्ध होईपर्यंत पोरांची लग्नाची वयं निघून जातात.

म्हणून कनेक्शन माझ्या नावावर असताना त्यावरून कोण जातं-येतं हे मला माहीत असायलाच हवं. हा सोवळ्याचा प्रश्न नाही. सोवळं म्हणजे जन्म बघून माणूस बाहेर ठेवणं. माझा प्रश्न एवढाच आहे की आत येणाऱ्यानं आपलं नाव सांगून यावं. आमच्या वहीत टपरीवरच्या दोन पोरांचीही नावं आहेत. ते विचारायला आले, मी दिलं.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. “आपल्याकडं लपवण्यासारखं आहेच काय, ताई?” तरुण कार्यकर्तेसुद्धा हे हसत विचारतात. बाबांनो, शिर्डीत २०१५ साली एका बौद्ध तरुणाचा खून झाला तो मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून. पालघरला २०१२ साली दोन मुलींना अटक झाली, एकीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून आणि दुसरीनं त्याला लाइक केलं म्हणून. लपवण्यासारखं काय आहे ते आपण ठरवत नसतो, समोरचा ठरवतो. आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं आहे. संविधानाच्या प्रती वाटताना तेवढं पान वगळू नका.

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर तुम्ही मला वाय-फायची भगत समजाल. चांगला पासवर्ड सगळं वाचवत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपबद्दल आर्सेनल या अमेरिकन संस्थेचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. त्यांच्या तपासणीप्रमाणे जून २०१६ मधल्या एका ई-मेलच्या जोडपत्रातून घातक प्रोग्राम आत शिरला, आणि पुढं त्याच वाटेनं लपवलेल्या फोल्डरमध्ये पत्रं ठेवली गेली. नागपूरच्या सुरेंद्र गडलिंगांच्या संगणकाबद्दलही असाच निष्कर्ष आला. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि खटला संपलेला नाही. पण धडा उघड आहे. तिथं शिरकाव झाला तो ओळखीच्या नावानं आलेल्या फाइलमधून, राउटरला कितीही कुलपं असली तरी ती तिथं कामाची नव्हती. ‘मोर्चाचं पत्रक’ म्हणून ग्रुपवर आलेली प्रत्येक फाइल डोळे मिटून उघडणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. पण मुख्य दाराला कडी लावून खिडकीतून चोर येतो, म्हणून कुणी कडी काढून टाकत नाही.

आता डब्याकडं वळते. खरं राजकारण तिथं आहे.

त्या डब्याला दोन किल्ल्या असतात. एक वाय-फायचा पासवर्ड, जो सगळ्यांना माहीत असतो. दुसरी राउटरच्या आतल्या पानाची किल्ली, म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्ड. ही दुसरी ज्याच्या हातात, तो पहिली केव्हाही बदलू शकतो, कोण जोडलंय ते बघू शकतो, तुमचा फोन ज्या वाटेनं जातो ती वाटही वळवू शकतो. कनेक्शन बसवायला आलेल्या पोराला मी ही दुसरी किल्ली मागितली. तो म्हणाला, “ताई, तुम्हाला त्यातलं काय कळतंय? घरातल्या कुणा माणसाला फोन द्या.” मी म्हणाले, माणूस मीच आहे. तो हसला. “ते ऑफिसकडं असतं. काही लागलं तर आम्ही आहोत ना.”

आम्ही आहोत ना! हे वाक्य माझ्या आज्यानं आयुष्यभर ऐकलं. निजामाच्या काळात जमीन कुणाच्या नावावर, किती सारा भरला, किती राहिला हे सगळं कुळकर्ण्याच्या दप्तरात. दप्तर मोडीत. वाचता येत नाही म्हणून विचारायला जायचं, दाराबाहेर उभं राहायचं, आणि तो जे सांगेल ते खरं मानून अंगठा द्यायचा. त्या आज्याची नात एम. ए. होऊन आपल्याच वर्गणीच्या डब्यासमोर “ऑफिसला विचारा” ऐकून गप्प बसते, यात बदललं काय? लिपी बदलली, एवढंच. त्या पोराबद्दल माझा राग नाही. तोही दहा-बारा हजारांवर राबणारा कुणाचातरी लेक आहे, त्यालाही कुणी शिकवलेलं नाही. माझा राग आपल्यावर आहे. वाचता येत असून आपण वाचत नाही.

वाचायचं कसं तर असं. डब्याच्या पाठीवर चिठ्ठी असते, तिच्यावर एक पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की आतलं पान उघडतं. नाव आणि पासवर्ड त्याच चिठ्ठीवर असतो, आणि कित्येक डब्यांवर दोन्ही ठिकाणी ‘अ‍ॅडमिन’ हाच शब्द. तो आधी बदला. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यानं काही मोठी अक्कल लावली नव्हती. कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्याच्याकडं होत्या, त्या तो एकामागून एक लावत गेला. कंपनीचा डबा असेल आणि किल्ली देत नसतील तर लेखी मागा. तरी नाही दिली तर आपला वेगळा राउटर घेऊन त्या डब्याच्या मागं जोडा आणि आपली माणसं आपल्याच राउटरवर ठेवा. आम्ही शेवटी तेच केलं.

मग डब्ल्यूपीएस नावाचा पर्याय शोधा आणि बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन घालून पासवर्डशिवाय जोडायची ती सोय. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता असं वाटतं ना? २०११ च्या डिसेंबरात स्टेफान फिबॉक या संशोधकानं दाखवलं की राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो. पहिले चार आकडे बरोबर आले की तो तसं कळवतो. शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरून हिशेबानं निघतो. म्हणजे पहिल्या तुकड्याचे दहा हजार आणि दुसऱ्याचे एक हजार, अकरा हजार प्रयत्नांत खेळ खलास. काही तासांचं काम. तुम्ही वाय-फायचा पासवर्ड चाळीस अक्षरी ठेवला तरी हे मागचं दार तसंच उघडं राहतं. ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद करा आणि राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का ते बघा. वाय-फायच्या पासवर्डासाठी चार असंबद्ध शब्द ओळीनं लिहा, जे घोषणेत, गाण्यात, जयंतीच्या बॅनरवर कुठंही एकत्र येत नाहीत. हळद आणि रेल्वे असे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल की ताई बरोबर आणि दादा चूक. थांबा.

हे सगळं केल्यावर मला चेव आला. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए२ होतं. त्याच्या खाली डब्ल्यूपीए३ दिसलं. नवीन आहे, २०१८ साली आलेलं, जास्त पक्कं. लावून टाकलं, फक्त डब्ल्यूपीए३. वर दोन्ही पट्टे एका नावात गुंडाळले आणि मोठ्या हौसेनं नेटवर्कचं नाव देवनागरीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिकेतले सहा फोन जोडेनात. प्रिंटर मुका झाला. आणि ते सहा फोन कुणाचे होते हे बघितल्यावर मला खाली बसावं लागलं. त्यातले पाच मुलींचे.

कारण साधं आहे, आणि ते कुठल्या तांत्रिक पुस्तकात सापडणार नाही. आपल्या घरांत नवा फोन येतो तो आधी भावाला. त्याचा जुना बापाला. बापाचा जुना, काच फुटलेला, बॅटरी फुगलेला, पोरीला. म्हणजे घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड जिच्या हातात, ती बहुतेक वेळा मुलगी. डब्ल्यूपीए३ अँड्रॉइड दहापासून पुढं आलं, तेही सगळ्या फोनांत नाही. माझ्या एका टिचकीनं चौदांपैकी सहा जण बाहेर गेले, आणि कोण बाहेर जाणार हे आधीच ठरलेलं होतं. पासवर्ड लावला म्हणून नाही, पण या टिचकीबद्दल दादानं मला महाड सुनावलं असतं तर मी मान खाली घातली असती. एक मुलगी तर म्हणाली, “ताई, माझाच फोन खराब आहे.” तिनं दोष स्वतःकडं घेतला. आपल्या लोकांना ही सवय किती लवकर लागते!

बसवणाऱ्या पोराला फोन केला तर त्याचं उत्तर तयार होतं. “पासवर्डच काढून टाका, सगळे लागतील.” घराघरात असंच होतं. एक जुना फोन जोडत नाही म्हणून सगळ्यांचं दार उघडं टाकतात, आणि ते तसंच राहतं.

तर जुने फोन आणि पक्कं कुलूप दोन्ही कसं सांभाळायचं ते नीट सांगते, कारण मला हे शोधायला आठवडा गेला. सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र’ ठेवा. त्यातही एखादा फोन अडला तर फक्त डब्ल्यूपीए२, पण सोबत एईएस. चांगल्या पासवर्डासकट ते आजही पुरेसं आहे. टीकेआयपी लिहिलेलं काहीही निवडू नका, ते जुनं आणि कच्चं आहे, शिवाय वेगही खाली आणतं. डब्ल्यूईपी दिसलं तर तो राउटरच भंगारात द्या. ते कुलूप २००१ सालीच फुटलं आहे.

दुसरं, पट्टे. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. पाचचा पट्टा वेगवान, पण भिंती ओलांडताना दमतो, आणि स्वस्तातले जुने फोन, प्रिंटर, स्मार्ट बल्ब यांना तो दिसतच नाही. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देतो तेव्हा ही जुनी मंडळी गोंधळतात. दोन्हींना वेगळी नावं द्या. जुने फोन २.४ वर, नवे पाचवर. गर्दीही वाटली जाते. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ घ्या. १२-१३ वर ठेवलं तर काही उपकरणांना नेटवर्क सापडत नाही.

देवनागरी नावाची गंमत मला फार उशिरा कळली. नेटवर्कच्या नावाला बत्तीस बाइट जागा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट खाते. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. आमचा प्रिंटर ते नाव कचऱ्यासारखं दाखवायचा. आपल्या लिपीला जगानं दिलेली जागा, आणखी काय बोलायचं! नाव बदलून रोमन केलं. त्यात ‘जयभीम’ मात्र ठेवलं. काही जण म्हणाले, रस्त्यानं जाणाऱ्याला कळतं, कशाला? कळू दे. नाव लपवून जगायचं असतं तर १९५६ साली नागपूरला कशाला गेलो असतो. फक्त त्या नावात घर नंबर, आडनाव, मोबाइल नंबर घालू नका.

आणखी एक फसवी गोष्ट. फोन वाय-फायला जोडलेला दिसतो पण पानं उघडत नाहीत, ‘सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. आधी फोनची तारीख-वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरून सुरू झालेल्या जुन्या फोनची तारीख कित्येकदा मागं गेलेली असते. तारीख बरोबर असूनही होत असेल तर फोन इतका जुना आहे की नव्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्याला ओळखता येत नाहीत. अशा फोनवर फायरफॉक्स चालतो का बघा, तो स्वतःची प्रमाणपत्रांची यादी घेऊन येतो. आमच्यातल्या एका फोनवर तेवढ्यानं भागलं. दुसऱ्यावर भागलं नाही. त्या मुलीसाठी आम्ही वर्गणीतून वापरलेला फोन घेतला. जयंतीच्या डीजेतून एक तास कमी केला असता तर असे किती आले असते, हा हिशेब मी ग्रुपवर टाकला होता. त्याला निळं हृदय एकही आलं नाही.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क ठेवलं आहे, बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट’ म्हणून पर्याय असतो. त्यावरचा फोन आतल्या संगणकापर्यंत पोचू शकत नाही. पासवर्ड दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलतो, आणि घेणारा वहीत नाव लिहितो. एक अडचण अशी की गेस्टवरून प्रिंटर दिसत नाही. तो दिसूच नये अशीच रचना आहे, पण हे समजावताना माझं तोंड दुखतं. काही जण सुचवतात की ठरावीक फोनांचे मॅक पत्तेच राउटरमध्ये नोंदवून ठेवा. त्याच्या नादी लागू नका. नवे फोन तो पत्ता बदलून सांगतात, त्यामुळं आपलीच माणसं अडकतात, आणि ज्याला शिरायचंच आहे त्याला दुसऱ्याचा पत्ता पांघरता येतो.

आणि यातूनही कुणाच्या बँक खात्याला हात लागलाच, तर १९३० वर लगेच फोन करायचा. रात्र आहे, सकाळी बघू, असं करायचं नाही.

दुसरी किल्ली आता एकट्या माझ्याकडं नाही. दोन मुलींकडं आहे, एक बारावीत, एक भरतीची तयारी करणारी. मागच्या आठवड्यात दादा अभ्यासिकेत आला. त्याचा फोन जोडेना, सात-आठ वर्षांचा जुना आहे. बारावीतल्या पोरीनं त्याला २.४ वर जोडून दिलं आणि वही पुढं केली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मुद्दाम दुसरीकडं बघत राहिले. त्यानं नाव लिहिलं, पुढं कंसात लिहिलं, ‘निषेधासह’.

त्याचा निषेध मान्य आहे. पीएम-वाणीचा विषय तो येत्या ग्रामसभेत मांडणार असेल तर अर्ज मी लिहून देते. आणि ज्यांना आपल्या घरच्या डब्याचं आतलं पान उघडून बघायचं आहे, त्यांनी रविवारी वंदना झाल्यावर या. डब्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून आणा. तो ग्रुपवर टाकू नका, त्यावर पासवर्ड असतो.